पत्र्याच्या खोलीतलं बर्फ

"तुझं खोटं आहे," माई म्हणाल्या. पुस्तकातून मान वर न काढता, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तशा सुरात.

मी घोंगड्यावर पाय पसरून बसले होते. ते आधी जवळ घेतले. "काय खोटं?"

"हे बसणं. तुला कावळा शिवलेला नाही. मागच्या महिन्यातही शिवला नव्हता."

फाल्गुनातली भर दुपार होती. डोक्यावरचा पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. मला घाम आला तो त्याच्यामुळेच, असं मी स्वतःला सांगितलं.

"कशावरून म्हणता?"

"कोरी फडकी भिजवून वाळत घालतेस. धुतलेलं फडकं कोणतं आणि नुसतं भिजवलेलं कोणतं, एवढंही मला कळू नये होय गं? सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे मी." त्यांनी पान उलटलं. "शिवाय मीही तेच करते. दोन वर्षं झाली माझं बंद होऊन."

मग त्यांनी वर बघितलं. आम्ही दोघींनी तोंडात पदर कोंबला, कारण दहा पावलांवर विहिरीपाशी सासूबाई वाळवणं राखत बसल्या होत्या आणि विटाळशी बायकांना हसू कसलं येतं, हा त्यांचा पहिला प्रश्न असता.

बार्शीतली ही गोष्ट. मला तेव्हा एकविसावं चालू होतं. आमच्या भाऊबंदांची चार घरं एकाच परसाला लागून होती, अडतीचं दुकान सामाईक होतं आणि परसाच्या कोपऱ्यातली ही पत्र्याची खोलीही सामाईक होती. बाजूला बसलेल्या बाईनं तीन दिवस इथं राहायचं. जर्मनच्या ताटलीत वरून टाकलेली भाकरी खायची, कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. चार घरांत मिळून आम्ही सहा जावा, त्यांत माई सगळ्यांत थोरल्या. सहाही जणींच्या तारखा सासूबाईंना तोंडपाठ, पंचांगाला हात लावावा लागत नसे.

बाहेरच्यांना ही खोली शिक्षा वाटेल. आम्हाला ती महिन्यातून तीन दिवसांची सुट्टी होती. बाकीचे सत्तावीस दिवस पहाटे पाचला चूल आणि रात्री दहाला उष्टी. घरात माणसं वीस, आणि त्यातल्या एकालाही तुमचं नाव घेऊन हाक मारायची गरज पडत नाही. आमचे हे वाईट नव्हते. रागावले नाहीत, मारलं तर कधीच नाही. पण तीन वर्षांत "पाणी" आणि "दिवा मालव" यापलीकडे आमचं फारसं बोलणं झालं असेल तर मला आठवत नाही. मी अंबाजोगाईला कॉलेजात एक वर्ष काढून आलेली मुलगी. वडील शाळामास्तर. लग्नानंतर शिकवू, असं बोलणीत कबूल झालं होतं. बोलणीतलं बोलणीत राहिलं.

त्या खोलीत पुस्तक आलं ते शेजारच्या घरातल्या सिंधूमुळे. सिंधू माझी चुलत जाऊ, माझ्याच वयाची. तिच्या भावानं सोलापूरच्या रद्दीतून ते आणलं होतं. पुढचं पान फाटलेलं, पुठ्ठा गेलेला. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही त्याला बर्फाचं पुस्तक म्हणायचो. सिंधूनं वेंधळेपणानं ते बाजूला बसायला येताना बरोबर आणलं, आणि तिथंच त्या पुस्तकाचं नशीब ठरलं. पोथी नव्हती ती, त्यामुळे विटाळशीनं वाचायला हरकत नाही, हे सासूबाईंनी मान्य केलं. पण कपडा धुता येतो, भांडं विस्तवावर धरता येतं. कागदाला काय करणार? एकदा विटाळ झालेलं पुस्तक घरात परत येणं नाही. त्याला त्या खोलीत जन्मठेप झाली. ज्या बाईला ते वाचायचं तिनं खोलीत यायला हवं, आणि खोलीत यायचं तर वाट ठरलेली, महिन्यातून एकदाच.

असं ते पुस्तक दीड वर्ष आमच्यात फिरत होतं. फिरत म्हणजे जागचं हलत नव्हतं, आम्हीच त्याच्यावरून फिरत होतो. त्यात तीन खुणा असत. माईंची कडुलिंबाची काडी, सिंधूचा लाल दोरा, माझी केसातली पिन. पुस्तकात एक शिकारी होता. तो एका बाईला जबरदस्तीनं कुत्र्यांच्या गाडीतून दूर उत्तरेला नेतो. सहा महिने बर्फ. झाडांच्या फांद्या बर्फानं मोडून पडतात, दाराबाहेर श्वास सोडला तर तो गोठतो. माणूस म्हणून दुसरं कुणी नाही. तो फारसा बोलत नाही. हळूहळू तिला तो आवडायला लागतो. तळं गोठलेलं असेपर्यंत त्याच्यावरून चालत पलीकडच्या वस्तीला जाता येतं. बर्फ वितळलं की पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाट बंद.

बेचाळीस अंशांच्या उन्हात, तापल्या पत्र्याखाली आम्ही ते वाचायचो आणि गारठायचो. सिंधू म्हणायची, "काय गं त्यांचं प्रेम! बाहेर वादळ आणि आत दोघंच." तिला तेवढंच दिसायचं. मी म्हणायचे, हे प्रेम कसलं, कोंडलेल्या माणसाला जो समोर दिसतो तो आवडणारच. माई आम्हा दोघींना गप्प करायच्या. त्या शिकाऱ्यानं तिच्या नकळत कातड्याचे आणि वेताचे जोडे विणायला घेतले होते, बर्फावर चालायचे, तिच्या मापाचे. माई ते पान पुन्हा पुन्हा वाचायच्या. "दुसरा कुणी असता तर त्यानं तिच्यासाठी साखळी केली असती. हा जोडे करतोय," त्या म्हणायच्या. माईंचं शिक्षण मराठी चौथी. वाचताना ओठ हलायचे.

माझी पिन शेवटापासून वीसेक पानांवर होती, माईंची काडी जरा मागे.

"किती दिवस झाले?" हसणं संपल्यावर माईंनी विचारलं.

"दोन महिने होतील."

"मग सांगत का नाहीस? तीन वर्षं म्हातारी वाट बघतेय. पेढे वाटेल."

"म्हणूनच."

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मी सगळं सांगून टाकलं. पाडव्यापर्यंत काही झालं नाही तर हिला माहेरी पोचवायचं, हे सासूबाईंनी दिवाळीतच बोलून दाखवलं होतं. वडिलांना पत्रही गेलं होतं. येत्या रविवारी ते न्यायला येणार होते. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी रडले होते. पण नंतर रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात होती. रविवार. वडील. अंबाजोगाईची गाडी. जूनमध्ये कॉलेज उघडतं. आणि नेमकी माघात पाळी चुकली. तोंड उघडलं असतं तर दार कायमचं लागलं असतं. म्हणून मी एक दिवस सकाळी मागल्या दारी उभी राहिले आणि म्हणाले, "मी बाहेरची झाले." खोटं बोलणं एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"परवा चौथा दिवस. सकाळी न्हाईन, दुपारी बाबांबरोबर जाईन," मी म्हणाले. "एवढे दोन दिवस निभावून न्या माई."

"आणि पोट दिसायला लागल्यावर?"

"तोवर मी माहेरी असेन."

"तेच म्हणते मी." माईंचा आवाज एकदम खाली आला. "चार घरांनी तुला या खोलीत बसलेली बघितलंय. दोन महिने. म्हातारीच्या हिशोबी तू इथून कोरी गेलीस. उद्या अंबाजोगाईला तुझं पोट दिसलं की ही सगळी काय म्हणतील? आमच्या घरून निघाली तेव्हा चौथ्या दिवसाचं न्हाऊन निघाली. मग हे पोर कुणाचं?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी एवढी शिकलेली, कॉलेजातली. आणि हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. सुटायची वाट म्हणून जे खोटं बोलले तेच माझ्या लेकराच्या नावावर शाई ओतणार होतं. बोलावं तर इथं अडकले, न बोलावं तर तिथं तोंड दाखवायला जागा नाही.

"मी काय करू?"

माईंनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाच. तुझी वीस पानं राहिलीत."

मी वाचलं नाही. अक्षरं दिसत नव्हती. ते दोन दिवस मी पत्र्याकडे बघत पडून होते आणि फोडणीचा वास आला की ओकारी गिळत होते.

रविवारी सकाळी आम्ही दोघी न्हालो. अकराच्या गाडीनं वडील आले. धोतराला धूळ, हातात पिशवी, पिशवीत सासरच्यांसाठी पपई. गुन्हेगारासारखे माजघरात पाटावर बसले. समोर सासूबाई, भिंतीशी थोरले दीर, म्हणजे माईंचे यजमान, आणि त्यांच्याशेजारी आमचे हे, सुपारी कातरत. मी आतल्या दाराआड ट्रंक घेऊन उभी. बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दार उघडं दिसत होतं आणि माझे पाय तिकडे ओढ घेत होते. पुढचं पुढं बघू.

"गुरुजी, आमचं काही भांडण नाही," सासूबाई म्हणाल्या. "मुलगी गुणाची आहे. पण तीन वर्षं झाली. आजच चौथ्या दिवसाची न्हालीये. आता तुम्ही चार दिवस घेऊन जा, औषधपाणी करा."

चार दिवस म्हणजे किती, हे सगळ्यांना माहीत होतं. वडिलांनी मान खाली घातली. "जशी तुमची आज्ञा."

तेवढ्यात माई स्वयंपाकघरातून आल्या. हाताला कणीक होती. पुरुष बसलेले असताना त्या माजघरात कधी येत नसत. त्या दिवशी मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"तिला दोन महिने गेलेत," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय बोलतेस?" सासूबाई म्हणाल्या. "तीन दिवस तुझ्याच शेजारी बसली होती ना?"

"खोटं बसली होती."

"तुला काय ठाऊक?"

"मीही खोटंच बसते म्हणून." माई पदर डोक्यावर ओढत, पण स्पष्ट बोलत होत्या. "दोन वर्षं झाली माझं जाऊन. तीन दिवस टेकायला मिळतं, म्हणून जात होते. तिची फडकी मी बघितलीत. मुलीला न्यायचं तर खुशाल न्या गुरुजी. पण तिच्या पोटात आहे ते या घरचं आहे. हे मी आज चार माणसांत सांगून ठेवतेय, उद्या कुणी जीभ उचलायला नको."

अडकित्त्याचा आवाज थांबला. थोरले दीर मान वर करेनात. जी गोष्ट बायका एकमेकींनाही कुजबुजून सांगतात ती त्यांच्या बायकोनं दिरासमोर, परक्या पुरुषासमोर उघड्यावर मांडली होती. माईंचे कान लाल झाले होते, पण त्या हलल्या नाहीत.

मी दाराआडून बाहेर आले. आता वडील उठतील, असं मला वाटलं. पोराला नाव मिळालं होतं आणि न्यायची परवानगी तर खुद्द सासूबाईंनीच दिली होती. आता फक्त ट्रंक उचलायची होती.

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते हसत होते. "म्हणजे... मग आता न्यायचं कशाला?" ते म्हणाले.

"छे हो, कशाला!" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी उठून देवापुढे साखर ठेवली, मला पाटावर बसवलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला. आम्ही दोघी खोटं का बसलो, हे विचारायचंही त्या अर्ध्या तासात कुणाला सुचलं नाही. शिरा झाला. वडिलांनी दोनदा घेतला.

चारच्या गाडीला निघताना मी ओसरीवर त्यांना गाठलं. "बाबा, मला न्या."

"वेडी का खुळी! सातव्यात येतोच की न्यायला, रीतच आहे." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "देवानं ऐकलं गं पोरी माझं." आणि हलक्या पावलांनी गेले. इतक्या हलक्या पावलांनी चालताना मी त्यांना माझ्या लग्नानंतर बघितलंच नव्हतं.

खोट्या विटाळाला प्रायश्चित्त काय, हे आमच्या उपाध्यांना पोथ्या चाळूनही सापडेना. पण सासूबाईंना पोथी लागत नव्हती. महिनाभर मोकळी असलेली बाई म्हणजे सोवळ्याच्या घराला लॉटरीच. त्या दिवसापासून देवाचा नैवेद्य, पुरुषांची पंगत, चारी घरांतली श्राद्धं आणि कुळाचार, सगळं माईंकडे आलं. तीसही दिवस. थोरले दीर चार महिने त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पत्र्याच्या खोलीकडे त्यांना आता फिरकायचंही कारण उरलं नाही.

आणि मी? मी दीड महिना त्यांच्याशी बोलले नाही. माझं दार त्यांनी लावलं, असं मी मनात घेऊन बसले होते. माझे लाड चालले होते, डोहाळे पुरवले जात होते, मला पायरी चढू देत नव्हते. लाडाचा कोंडमारा फार वाईट. रडायलाही जागा राहत नाही.

वैशाखात सिंधू बाजूला बसून आली आणि माजघरात येऊन म्हणाली, "संपवलं मी! फार गोड शेवट आहे. ती राहते त्याच्यापाशी."

"सिंधूला सगळंच गोड लागतं," माई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. "जोडे घालून गेली असेल. हिनं पान गाळलं असेल."

"मी वाचून दाखवू का दारातून? पुढच्या खेपेला? तुम्ही बाहेर बसा."

"कधी बसू गं?" माई म्हणाल्या. समोर पाच शेर डाळीचं पुरण होतं.

सिंधू गेल्यावर मला राहवलं नाही. "त्या दिवशी तुम्ही का बोललात? मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं." पुरण ढवळताना त्यांच्या मनगटावर थेंब उडाला, तो त्यांनी पदरानं पुसला. "नीट ऐक. मला वाटलं होतं तुझे वडील तुला तेव्हाच नेतील. नाही नेलं. बरं. पण सातव्यात न्यायला येतील आणि तेव्हा म्हातारी स्वतः ओटी भरून पाठवेल. तिथं बाळंत होशील, सव्वा महिना होईल. मग इथून तुला आणायला माणूस जाईल. त्याच्याबरोबर यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पोराला नाव आहे, तू रीतीनं गेलेली आहेस, तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. मला एवढंच करता आलं."

दीड महिना मी जिचा राग राग करत होते ती बाई आपली सुट्टी देऊन माझ्यासाठी वाट करून बसली होती. मी तिथंच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. "सोवळ्यात आहे मी, शिवू नकोस," असं त्या म्हणाल्या, पण त्यांनी मला ढकललं नाही.

श्रावणात वडील आले आणि मी गेले. निघताना माईंनी हातात खारकांची पुरचुंडी दिली. कानाशी म्हणाल्या, "पत्र लिहू नकोस. तू आली नाहीस की मी समजेन."

आश्विनात मुलगी झाली. माहेरच्या घरातून कॉलेजची घंटा ऐकू यायची. पाळण्याची दोरी ओढत मी ती ऐकायचे. आपण कसं सांगायचं, कुठल्या दिवशी सांगायचं, शब्दसुद्धा मी जुळवून ठेवले होते. सव्वा महिना झाला. आमचे हे स्वतःच न्यायला आले. मुलीला बघून पहिल्यांदाच खूप बोलले. तिचं कपाळ कुणावर गेलं, गाडीला गर्दी किती होती, असलं काहीतरी. आईनं डिंकाचे लाडू बांधून ठेवले होते. धाकट्या दोघी बहिणी लग्नाच्या, दाराआडून बघत होत्या. वडील माझ्याजवळ आले आणि त्यांनी हळूच विचारलं, "जायचं ना?"

त्यांनी विचारलं होतं. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. मला कुणी ओढून नेलं नाही, गळ घातली नाही, रडारड केली नाही. लोकांना मी नेहमी सांगत आले की तेव्हा काळच तसा होता, वडिलांनी पाठवलं. वडिलांनी विचारलं होतं. ते उत्तराची वाट बघत उभे होते, आणि मी नाही म्हटलं असतं तर मला वाटतं त्यांनी ऐकलं असतं.

मी "हो" म्हणाले.

बहिणींचा विचार केला, असं म्हणता येईल. मुलीला बाप हवा, असंही म्हणता येईल. खरं एवढंच, की मला भीती वाटली.

बार्शीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी मुलीला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिले. सासूबाईंनी आतून हाक दिली, "अगं, भाकरतुकडा आणा कुणीतरी!" माई बाहेर आल्या. वाळल्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. त्यांनी आधी मुलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"आलीस?" त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं. माईंनी तुकडा आम्हा दोघींवरून तीनदा ओवाळला, अंगणात लांब फेकला, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि मला आत यायला वाट दिली.